आमचा बर्फफेक्या

केंद्र सरकारच्या कारकुनाभोवती वस्तूंचा सुकाळ असतो, परंतु त्याच्या मालकीचे असे त्यांत फारच थोडे असते. ज्या टेबलावर तो तीस-पस्तीस वर्षे कोपर टेकतो, त्या टेबलाच्या पायावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक घातलेला असतो. खुर्चीच्या पाठीवर तो असतो, कपाटावर असतो, फार काय, पाण्याच्या तांब्यावरही असतो. राहते घर सरकारचे, नाहीतर सरकारने ठरवून दिलेल्या भाड्याचे. अशा जीवनक्रमात 'दुरुस्ती' या शब्दाला एक विशेष अर्थ येतो. पंखा बंद पडला म्हणजे आपण पंख्याकडे पाहत नाही, आपण अर्ज लिहितो. यथावकाश कोणीतरी येतो, शिडी लावतो, आणि पंखा फिरू लागला की आपण एका कागदावर सही करतो. पंख्याच्या पोटात काय होते हे आपल्याला कळत नाही आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांना हा अनुभव असेल. मला तर तो इतका अंगवळणी पडला होता की, सातासमुद्रापलीकडे एक यंत्र माझ्या मालकीचे झाले तेव्हा, या वस्तूवर क्रमांक कोणता घालावयाचा, असाच विचार प्रथम मनात आला.

परराष्ट्र मंत्रालयाच्या नोकरीत २०१५ च्या शरद ऋतूत माझी नेमणूक कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथे, तीन वर्षांसाठी झाली. घर मिळाले ते एका जोडघराचा डावा अर्धा भाग. पुढे रस्त्यापर्यंत सुमारे बारा मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशी डांबरी गाडीवाट. करारपत्रात एक कलम होते की, वाटेवरील बर्फ काढण्याची जबाबदारी राहणाऱ्याची. सप्टेंबरच्या कोवळ्या उन्हात ते कलम मला करारपत्रे भरगच्च दिसावीत म्हणून घातल्या जाणाऱ्या कलमांपैकीच एक वाटले.

ओटावात वर्षाकाठी सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तो एकदम पडत नाही, हप्त्याहप्त्याने पडतो, आणि प्रत्येक हप्ता चुकता केल्यावाचून दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर निघत नाही. वाट साफ केली म्हणजे सुटलो असेही नाही. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करीत जातो आणि जाताजाता रस्त्यावरचा सगळा चिखलट, गोळेदार बर्फ आपल्या वाटेच्या तोंडाशी बांधासारखा रचून ठेवतो. शेतकऱ्याच्या मुलाला बांधाचे कौतुक असते म्हणतात. या बांधाचे मात्र मला कधीच वाटले नाही. आपण रात्री दहाला वाट झाडून आत यावे आणि पहाटे पाहावे तो दारात गुडघाभर उंचीचा, दगडासारखा घट्ट बांध! तो उचलून परत रस्त्यावर टाकण्यास तेथील नियमाने बंदी. आपला बर्फ आपल्याच अंगणात जिरवावयाचा.

पहिला हिवाळा मी फावड्यावर काढला. १६ फेब्रुवारी २०१६ या दिवशी ओटावाच्या विमानतळावर ५१.२ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. एका दिवसात इतका बर्फ त्या शहराने पूर्वी पाहिला नव्हता. रात्री हिशेबाची सवय स्वस्थ बसू देईना, म्हणून कागद घेतला. अठ्ठेचाळीस चौरस मीटर वाट, अर्धा मीटर थर, म्हणजे चोवीस-पंचवीस घनमीटर. ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला शंभर किलो धरले तरी अडीच टन. तो मी प्लॅस्टिकच्या फावड्याने, एका वेळी चार-पाच किलो करीत, कमरेएवढ्या ढिगाऱ्यावर फेकला होता. शेजारच्या अर्ध्या भागात राहणारे वृद्ध गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. ते पाच फावडी मारीत, थांबत, छातीवर हात ठेवीत, पुन्हा पाच फावडी मारीत. त्यांचे थांबणे मला पाहवत नसे. पुढे २०१७ साली क्वेबेक प्रांतातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८१ पासून २०१४ पर्यंतच्या नोंदी तपासून त्या संशोधकांना असे आढळले होते की, मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांना हृदयविकाराचे झटके येण्याचे आणि त्यांत मृत्यू होण्याचे प्रमाण वाढते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हाताने वजन उचलताना रक्तदाब चढतो, आणि माणूस कामावर वेळेत पोहोचण्याच्या घाईत असतो. आमच्या शेजाऱ्यांना हे अभ्यासावाचून ठाऊक होते; परंतु हंगामाचे कंत्राट देण्याचे त्यांच्या मनात येत नसे. दोन्ही कारणे, पैसा आणि अभिमान, मला ओळखीची वाटली.

२०१६ च्या सप्टेंबरात प्रश्नाला निराळे वळण लागले. पत्नीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी जानेवारीचा मध्य सांगितला होता. इस्पितळ नऊ किलोमीटरवर. मुलाने यावयाचे ते आपल्या वेळेला. तो वाट साफ आहे की नाही हे विचारून येणार नाही. कंत्राटदाराने हंगामाचे साडेतीनशे डॉलर सांगितले आणि शिवाय, 'हिमवर्षाव थांबल्यापासून काही तासांच्या आत' अशी अट घातली. त्या काही तासांतच आमचा प्रश्न होता. घरगुती वापराचे साधेसे नवे यंत्र घ्यावे तर किंमत नऊशे-हजाराच्या घरात. परदेशी भत्त्यातला प्रत्येक डॉलर आम्ही घरी पन्नासने गुणूनच खर्च करीत असू. गावच्या घरावर स्लॅब पडावयाचा होता.

अशात तीन गल्ल्या पलीकडे एक जोडपे घर सोडून सदनिकेत राहावयास जात होते, आणि त्यांच्या गॅरेजच्या दारात एक लाल यंत्र उभे होते. वर चिठ्ठी : 'चालू होत नाही. १५० डॉलर.' नाव स्नो-ब्लोअर, म्हणजे फुंकणारा. वस्तुतः तो फुंकीत काहीच नाही, फेकतो. आम्ही घरी त्याचे नाव बर्फफेक्या ठेवले, आणि ते मूळ नावापेक्षा सत्याला अधिक धरून आहे असे माझे अजूनही मत आहे.

येथे माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. आबांचे गाव गिरणाकाठी. लहानपणी आमच्याकडे नदीवर एक पंप होता. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवावयाचा, दोरी गुंडाळून ओढावयाचा. वीज आली तसा तो पंप गोठ्यात गेला. आबांना त्या पंपाच्या पोटातले सगळे ठाऊक होते. मला त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. 'तुझे हात काळे व्हायला नकोत,' एवढेच म्हणत. मी पदवी घेतली, परीक्षा दिली, दिल्लीस गेलो, आणि पुढे दर रविवारच्या दूरध्वनीत आमच्यात बोलण्यासारखे हळूहळू कमी होत गेले. पाऊस, प्रकृती, पैसे पोहोचले का. चार मिनिटांत आईच्या हातात यंत्र जाई. माझ्या कचेरीत मी काय करतो हे त्यांना सांगता येण्याजोगे नव्हते, आणि त्यांच्या शेतीतले विचारण्याइतके मला कळत नव्हते.

त्या दिवशी गॅरेजच्या दारातूनच मी त्यांना फोन लावला. गावी रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कॅमेऱ्यातून त्यांनी यंत्र पाहिले; पाच मिनिटे बर्फाविषयी काही विचारले नाही. म्हणाले, "दोरी ओढ. हळू." मी ओढली. "हाताला जड लागते का? मध्येच अडून मग सुटते का?" लागत होती, अडत होती. "मग दाब आहे. इंजिन जिवंत आहे. घे." साडेनऊ तासांच्या अंतरावरून, आयुष्यात बर्फ न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर, मी दीडशे डॉलर मोजले.

पुढचे दोन आठवडे रोज सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी आमचा फोन होई. "प्लग काढ. ओला आहे का कोरडा?" कोरडा होता. "म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. कार्ब्युरेटर उघड." गेल्या हिवाळ्यातले पेट्रोल टाकीत तसेच राहिले होते आणि उन्हाळाभर आटून त्याचा पिवळट डिंक झाला होता. कार्ब्युरेटरच्या तळाशी पितळेची एक जेट असते. तिच्यातले भोक सुईच्या टोकाएवढे, आणि सगळ्या यंत्राचा श्वास त्या भोकातून चालतो. मी टाचणी घेऊन बसलो तोच आबा ओरडले, "लोखंड नको! पितळ चरते, भोक मोठे होते. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार काढ." ती तार घालून, फुंकून, पुन्हा घालून, शेवटी जेटमधून आभाळ दिसले. ताजे पेट्रोल घातले, चोक ओढला, आणि चौथ्या दोरीला यंत्र बोलले. फोनवर काही क्षण शांतता होती. मग आबा म्हणाले, "थोडे फुगीर चालते. चोक अर्धा आत घे."

यंत्राची रचना सांगण्याजोगी आहे. पुढे साठ सेंटिमीटर रुंदीचा जबडा; त्यात आडव्या दांड्यावर मळसूत्री पाते. ते सावकाश फिरते आणि दोन्ही बाजूंचा बर्फ मधोमध ओढून आणते. मागे एक वेगाने फिरणारा पंखा. तो मिळालेला बर्फ वरच्या सोंडेतून आठ-दहा मीटर लांब भिरकावतो. ही दोन टप्प्यांची युक्ती घरगुती यंत्रात लहान रूपात आली; मूळ ती मोठ्या कामाची. टोरंटोच्या एका दंतवैद्याने, जे. डब्ल्यू. इलियट याने, १८६९ साली आगगाडीपुढे लावण्याच्या फिरत्या बर्फनांगराचा आराखडा केला. दातांच्या डॉक्टराला आगगाडीचे काय पडले होते कोण जाणे! रस्त्यासाठी स्वतःच्या चाकांवर धावणारे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये बनविले. शेतातल्या मळणीयंत्रावरून त्याला ते सुचले असे सांगतात. हे मी आबांना कळविले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. "उफणणीच आहे ती," ते म्हणाले.

स्वस्त आणि महाग यंत्रांत फरक कुठे असतो हे हाताळल्यावर कळते. इंजिन बहुधा दोहोंचे सारखेच बरे असते. काटकसर होते ती पत्र्याच्या जाडीत, सोंड फिरविण्याच्या तारेत, मुठींना ऊब देणाऱ्या सोयीत, आणि चाके फिरविणाऱ्या रबरी चकतीत. ही चकती एका धातूच्या तबकडीवर घासून चालते. तिला तेलाचा थेंब लागला किंवा बर्फाचे पाणी शिरले की यंत्र गुरगुरते आणि जागचे हलत नाही. आमच्या यंत्राची सोंड दर पाच मिनिटांनी आपोआप शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळे. तिच्या सांध्याला मी एक रबरी वॉशर बसविला. उपाय चाळीस सेंटांचा, पण तो सापडण्यास तीन रविवार गेले. मार्चमधल्या ओल्या, जड बर्फाने सोंड वारंवार तुंबते; त्यावर तव्याला लावावयाच्या तेलाचा फवारा आतून मारावा, हे त्या शेजाऱ्यांनीच शिकविले. तुंबलेली सोंड मात्र हाताने मोकळी करू नये. इंजिन बंद असले तरी पात्यात ताण शिल्लक असतो आणि अडथळा निघताच ते अर्धा वेढा झटक्याने फिरते. त्या अर्ध्या वेढ्यात बोटे जातात. त्यासाठी यंत्राला एक काठी दिलेली असते. ती आमच्या यंत्राला उरली नव्हती. मी लाटण्याचा उपयोग करीत असे, आणि त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

काम संपले की यंत्र लगेच बंद करावयाचे नाही. दोन मिनिटे रिकामे फिरवून आतला बर्फ उडवून टाकावयाचा, नाहीतर रात्रीत पंखा गोठून बसतो. बंद गॅरेजमध्ये ते क्षणभरही चालवावयाचे नाही. धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. पेट्रोल महिन्याहून जुने घालावयाचे नाही. एप्रिल सरता टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेतो चालवावयाचे, म्हणजे त्या पितळी भोकात काही उरत नाही.

परंतु या सर्वांत मला सर्वाधिक लळा लागला तो शिअर पिनेचा. पात्याचे दोन्ही अर्धे भाग आतल्या दांड्याला एकेका पिनेने जोडलेले असतात. पिना मुद्दाम मऊ धातूच्या, मध्ये खाच पाडलेल्या. पात्यात दगड, बर्फाचा गोळा किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले की पिन तुटते, पाते थांबते, आणि मागची किमती दंतचक्रपेटी वाचते. दोन डॉलरची पिन तीनशे डॉलरच्या पेटीसाठी मोडते. सरकारी नोकरीत ज्यांनी दहा-पंधरा वर्षे काढली आहेत त्यांना ही योजना समजावून देण्याची गरज नाही; आपल्या कचेऱ्यांतही, वर काही अडकले की खाली कोण तुटावे हे आधीच ठरलेले असते. फरक इतकाच की यंत्रात पिनेला तिच्या कामाचा मोबदला म्हणून चौकशी सोसावी लागत नाही.

या पिनेच्या पोटी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पात्याची नळी आणि आतला दांडा यांच्यामध्ये गंज धरला तर दोन्ही एकजीव होतात. मग पिन तुटूनही पाते फिरतच राहते आणि धक्का थेट पेटीला बसतो. म्हणून दरवर्षी पिना काढून, पाते दांड्यावर मोकळे फिरते याची खात्री करून, नळीत ग्रीस भरावे लागते. हे काम कोणाला दिसत नाही, त्याने यंत्र अधिक चांगले चालल्याचेही जाणवत नाही. आबांनी मला ते ऑक्टोबरात करावयास लावले. पाते गंजाने धरलेलेच होते. तेल सोडून, लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारीत, ते सुटण्यास दोन संध्याकाळ लागल्या.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास, पत्नीने मला उठविले. दिवसभर बर्फ पडून गेला होता. दहाला मी वाट साफ केली होती, पण मध्यंतरी नांगर येऊन गेला होता आणि तोंडाशी मांडीएवढा बांध होता. बाहेर उणे बावीस. एक कळ थांबून दुसरी येईपर्यंत सहा मिनिटे जात होती. यंत्र दुसऱ्या दोरीला सुरू झाले. बांधाचा अर्धा भाग गेला, आणि कडाड असा आवाज होऊन डावे पाते थबकले. उजवे फिरत होते. पिन गेली होती. इंजिन बंद केले. पिना मी अंगातल्या कोटाच्या खिशात ठेवीत असे, कारण त्या थंडीत उघड्यावरचे लोखंड बोटांना चिकटते. विजेरी दातांत धरली, तुटका तुकडा ठोकून काढला, पाते हाताने फिरवून भोकासमोर भोक आणले. ते फिरले, आतले ग्रीस थंडीने घट्ट झाले होते तरी फिरले. नवी पिन बसविली. चार-पाच मिनिटे लागली असतील. एवढ्यात शेजारच्या दारातून ते वृद्ध गृहस्थ पायजम्यावर कोट चढवून फावडे घेऊन बाहेर आले होते. मी त्यांना हाताने आत जा अशी खूण केली. ते गेले नाहीत, पण त्यांनी फावडे टेकून ठेवले आणि माझ्यावर प्रकाश धरून उभे राहिले.

मुलगी सकाळी सातला झाली. गावी संध्याकाळचे साडेपाच झाले होते. आईने वजन विचारले, रंग विचारला, नाव कोणाचे ठेवावयाचे ते विचारले. मग आबांनी फोन घेतला. "पिन कोणती गेली?" डावी, मी म्हणालो. "पेटी?" पेटी शाबूत आहे. "हं," ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "पोरगी कोणासारखी दिसते?"

त्या हिवाळ्यापासून शेजाऱ्यांची वाट मीच साफ करीत असे. त्यांनी पहिल्या दोन खेपांना पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पिनांचे एक पाकीट आणून गॅरेजच्या कडीला अडकविले. त्यानंतर पैशाचा विषय निघाला नाही.

२०१८ च्या शरदात मुदत संपली. जहाजाने पाठविण्याच्या सामानात बर्फफेक्या बसला असता, पण दिल्लीत त्याने काय फेकावयाचे? विकला असता तर तीनशे डॉलर सहज आले असते. तो चालू होता, आणि चालू यंत्राची चिठ्ठी निराळी असते. पत्नी म्हणाली, शेजाऱ्यांना द्या. त्यांना दोरी ओढवणार नव्हती. तथापि या यंत्राला विजेवर सुरू होण्याची एक जोडणी होती; घरातल्या वायरीने ते कळ दाबताच सुरू होते. तिचा स्विच मेलेला होता. निघण्यापूर्वीचे दोन रविवार त्यात घालविले. एकोणीस डॉलरचा नवा स्विच बसविला आणि यंत्र त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले.

कार्यभार सोपविताना टिपण लिहिण्याची आपल्याला सवय असते. मी दोन पानी टिपण लिहिले : तेल कोणते, पेट्रोल किती दिवसांचे, चकती कोरडी ठेवण्याविषयी, सोंडेच्या वॉशरविषयी, ग्रीस ऑक्टोबरात. शेवटी 'कार्यभार दिला' आणि 'कार्यभार घेतला' अशा दोन ओळी आखून खाली मी सही केली. त्यांनी चष्मा लावून ते सगळे वाचले, पेन मागितले आणि दुसऱ्या ओळीवर सही केली. एक प्रत त्यांनी ठेवून घेतली, एक मला दिली.

आता दिल्लीत दर नोव्हेंबरात त्यांचे शुभेच्छापत्र येते आणि त्यात एक ओळ यंत्राविषयी असते. ती मी आबांना वाचून दाखवितो. गेल्या खेपेस लिहिले होते की, सुरू होताना यंत्र थोडे खोकते. आबांनी विचारले, "गरम झाल्यावर थांबते का?" पत्रात तेवढे नव्हते. "मग विचार त्यांना," ते म्हणाले. मी लिहून विचारले आहे.